चाक विकत मिळतं, धार घडवावी लागते



आजचा विषय यंत्रशाळेतला आहे. तरीही तो या सभागृहातल्या प्रत्येकाशी संबंधित आहे, असं मी म्हणेन. तुम्ही इथवर ज्या गाडीने आलात तिच्या बेअरिंगमधल्या कड्या, इंजिनातल्या क्रँकशाफ्टचे जर्नल, डिझेल इंजेक्टरची सुई, दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या सुईचं टोक, या सगळ्यांना ग्राइंडिंगचा हात लागलेला असतो. लेथ आणि मिलिंग मशीन वस्तूला आकार देतात. धातूवर धातू वर्षानुवर्षं न कुरकुरता फिरेल असा पृष्ठभाग मात्र बहुतेक वेळा ग्राइंडिंगच देतं. मग प्रश्न असा, की हा पृष्ठभाग देतं कोण? यंत्र देतं? चाक देतं? की चाकाच्या अगदी वरच्या थरावर असलेलं, डोळ्यांना नीट न दिसणारं काहीतरी देतं? माझं उत्तर तिसरं आहे. धातूवर काम करतो तो चाकाचा मिलिमीटरच्या काही शतांश भागांइतका थर. तो थर चाकाबरोबर विकत मिळत नाही. ड्रेसिंगच्या वेळी, म्हणजे हिऱ्याने चाक खरवडताना, तो आपल्याच यंत्रावर, आपल्याच हाताने तयार होतो. आणि अनेक कारखान्यांत नेमकी हीच गोष्ट कुठे लिहिलेली नसते, मोजलेली नसते आणि कुणाच्या जबाबदारीची नसते. आज मला एवढंच मांडायचं आहे, पण ते पुराव्यानिशी मांडायचं आहे.

आधी चाक म्हणजे काय ते पाहू. जुन्या काळी ग्रीसच्या नॅक्सोस बेटावरचा एमरी दगड घासण्यासाठी जगभर जात असे. तो निसर्गाने दिलेला, त्यामुळे प्रत्येक खेपेला वेगळा. १८९१ साली अमेरिकेत एडवर्ड ॲचिसन यांच्या विजेच्या भट्टीत सिलिकॉन कार्बाइड तयार झालं. त्यानंतर काही वर्षांतच चार्ल्स जेकब्स यांनी बॉक्साइट वितळवून कृत्रिम ॲल्युमिना मिळवला, आणि घासणारा कण माणसाच्या ताब्यात आला. हे कण एकत्र धरून ठेवण्याची युक्ती मात्र कुंभारकामातून आली. मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टर गावी फ्रँकलिन नॉर्टन यांच्या भांड्यांच्या कारखान्यात १८७० च्या दशकात माती आणि एमरी एकत्र भाजून चाकं बनू लागली. आजचं व्हिट्रिफाइड चाक त्याच घराण्यातलं आहे. आपल्याकडे १९४१ साली उरणजवळच्या मोरा इथे ग्राइंडवेलने ग्राइंडिंग व्हील बनवायला सुरुवात केली. चिंचवड, चाकण, कोल्हापूर, शिरोली इथल्या हजारो यंत्रांवर आज जे चाक फिरतं त्याची भारतीय वंशावळ रायगडच्या किनाऱ्यापर्यंत जाते. हे मी मुद्दाम सांगतो आहे. चाक बनवणाऱ्यांनी या दीड शतकात अफाट काम केलं आहे, आणि माझी आजची तक्रार त्यांच्याविषयी नाही.

चाकाच्या कागदी चकतीवर एक ओळ छापलेली असते. समजा, ए ६० के ५ व्ही. ए म्हणजे ॲल्युमिना. ६० हा कणाचा आकार. असा कण साधारण पाव मिलिमीटरचा असतो. के ही चाकाची ग्रेड, ५ हा रचनेचा मोकळेपणा आणि व्ही म्हणजे भाजलेला, काचेसारखा बाँड. ही ओळ चाकाच्या सगळ्या अंगाचं वर्णन करते. ग्रेड ही कणाची कठीणता दाखवत नाही, हे इथे लक्षात ठेवायला हवं. बाँडने कणाला किती घट्ट धरलं आहे, ते ग्रेड सांगते. 'मऊ' चाकातला कण तितकाच कठीण असतो, फक्त तो लवकर सुटतो. कडक पोलादासाठी मऊ चाक घ्यावं, असं जाणते कारागीर सांगतात त्याचं कारण इथे आहे. कडक धातू कणाची धार लवकर घालवतो, आणि बोथट झालेला कण वेळेवर सुटला तर खालचा ताजा कण पुढे येतो. थोडक्यात, चकतीवरची ओळ उपयोगाची आहे. पण चाकाच्या पृष्ठभागावर आज, या क्षणी किती कण उभे आहेत, ते किती टोकदार आहेत, त्यांच्यामध्ये किती पोकळी आहे, यातलं काहीही ती ओळ सांगत नाही.

आणि सगळा खेळ तिथेच तर आहे. लेथचं हत्यार एका धारेचं असतं. तिचा कोन आपण ठरवून घासतो. ग्राइंडिंग चाकाच्या एका चौरस सेंटिमीटरवर शेकडो कण असतात. प्रत्येकाचं तोंड वेगळ्या दिशेला, प्रत्येकाची उंची वेगळी, आणि बहुतेकांचा कोन लेथवाल्याने हत्यार म्हणून हातातही घेतला नसता असा, पुढे झुकलेला, ऋण. असा कण धातूला भिडला की तीनपैकी एक गोष्ट होते. तो नुसता घासत जातो. किंवा नांगरासारखा धातू दोन्ही बाजूंना सारून सरी पाडतो, पण काढत काहीच नाही. किंवा खऱ्या अर्थाने कापतो आणि मायक्रॉनच्या घरातला कीस बाहेर फेकतो. काम फक्त तिसरा प्रकार करतो. पहिल्या दोन प्रकारांत ऊर्जा खर्च होते आणि धातू जागेवरच राहतो.

ही ऊर्जा किती असते? लेथवर पोलादाचा एक घन मिलिमीटर काढायला साधारण २ ते ५ ज्यूल लागतात. ग्राइंडिंगमध्ये त्याच एका घन मिलिमीटरला २० ते ६० ज्यूल लागणं नेहमीचं आहे, आणि फार बारीक कामात त्याहूनही जास्त लागतात. आता एक साधा हिशेब करा. पोलादाचा एक घन मिलिमीटर खोलीच्या तापमानापासून वितळेपर्यंत तापवायला साधारण १० ज्यूल पुरतात. म्हणजे कीस अगदी वितळण्याच्या टोकापर्यंत तापला तरी तो १० ज्यूलच घेऊन जाऊ शकतो. मग उरलेले कुठे गेले? थोडे चाकात, थोडे कूलंटमध्ये. साध्या ॲल्युमिना चाकाने उथळ ग्राइंडिंग करताना एकूण उष्णतेतला ६० ते ८५ टक्के वाटा थेट जॉबमध्ये, म्हणजे घासल्या जाणाऱ्या वस्तूत, उतरतो. जेवढे कण नुसते घासतात, तेवढी ही उष्णता वाढते. म्हणून चाकाच्या पृष्ठभागाचा प्रश्न हा फिनिशपुरता प्रश्न नाही. पोलादाच्या आत काय होतं, ते तो ठरवतो.

पोलादाच्या आत काय होतं? कडक करून टेम्पर केलेल्या जर्नलचा वरचा थर टेम्परिंगच्या तापमानापुढे गेला तर तो मऊ पडतो. तापमान सातशे-आठशे अंशांच्या पुढे गेलं तर तो थर क्षणभर ऑस्टेनाइट होतो आणि आतल्या थंड धातूमुळे लगेच पुन्हा कडक, ठिसूळ होतो. वर ठिसूळ साल, तिच्या खाली मऊ पडलेला थर, आणि थंड होताना पृष्ठभागात अडकून राहिलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की बारीक तडा जायला फार वेळ लागत नाही. कधी तो यंत्रावरच जातो, कधी गाडी लाखभर किलोमीटर चालल्यावर. जॉब तपकिरी किंवा निळसर दिसला तर निदान कळतं तरी. पण शेवटच्या दोन-चार हलक्या पासांमध्ये हा रंग निघून जातो आणि इजा खाली तशीच राहते. मायक्रोमीटरवर माप बरोबर येतं, फिनिशही बरोबर येतं. नायटल ॲसिडमध्ये बुडवून पाहिल्याशिवाय किंवा चुंबकीय तपासणीशिवाय ते सापडत नाही. यंत्रकामाच्या उष्णतेने आत झालेली इजा किती महाग पडू शकते, याचं एक उदाहरण सार्वजनिक नोंदीत आहे. ६ जुलै १९९६ रोजी अमेरिकेत पेन्साकोला विमानतळावर उड्डाण घेत असताना डेल्टा कंपनीच्या एमडी-८८ विमानाच्या इंजिनाचा टायटॅनियमचा फॅन हब फुटला आणि दोन प्रवासी गेले. हबवरचं ते काम ड्रिलिंगचं होतं, ग्राइंडिंगचं नव्हतं, हे स्पष्ट सांगतो. पण चौकशीत मूळ कारण निघालं ते हेच: छिद्र पाडताना धातूच्या पृष्ठभागाची रचना बिघडली होती, आणि ती तपासणीत दिसली नव्हती.

आता चाकाकडे परत येऊ. चाक कामात झिजतं ते दोन तऱ्हांनी. एक म्हणजे कण किंवा बाँड तुटून चाकाचा चूर होतो. हे डोळ्यांना दिसतं आणि खर्चाच्या वहीत येतं. दुसरी तऱ्हा अशी, की कण जागेवरच राहतो, पण त्याचं टोक घासून सपाट होतं. मॅल्किन आणि कुक या दोन संशोधकांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात हे दोन्ही वेगळे करून मोजले. वजनाने पाहिलं तर दुसऱ्या प्रकारची झीज एकूण झिजेच्या जेमतेम काही टक्के भरते. पण चाकाच्या पृष्ठभागावर या सपाट टोकांचं क्षेत्रफळ जसजसं वाढतं, तसतसं ग्राइंडिंगचं बल सरळ रेषेत वाढत जातं, आणि एका मर्यादेनंतर जॉब जळायला लागतो. जी झीज वजनात नगण्य आहे तीच परिणामात सर्वांत मोठी आहे! हे क्षेत्रफळ एकूण पृष्ठभागाच्या काही टक्क्यांपर्यंत पोचलं तरी पुरतं. असं चाक हाताला गुळगुळीत लागतं आणि उजेडात चकाकतं. कामगार म्हणतात, चाक ग्लेझ झालं. ॲल्युमिनियमसारखा मऊ, चिकट धातू असेल तर कणांमधल्या पोकळ्या त्याच्या किसाने भरतात. मग म्हणतात, चाक लोड झालं. परिणाम दोन्हीकडे एकच: कापणं कमी, घासणं जास्त.

इथे ड्रेसिंग येतं. आपल्या घरांमध्ये जातं गुळगुळीत झालं की पीठ भरड आणि गरम यायचं, आणि मग टाकी लावणाऱ्यांना हाक मारली जायची. दगड तोच, घर तेच, दळणारी तीच. टाकीच्या घावांनी पृष्ठभाग बदलला की पीठ बदलायचं. चाकाला हिऱ्याचा ड्रेसर लावणं हेच काम करतं, फक्त घाव मायक्रॉनचे असतात. ड्रेसिंगने चाक गोल आणि सरळ होतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्याच वेळी चाकाचे कण कसे फुटणार, हेही हिरा ठरवतो, आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात.

आकडे घेऊन पाहू, कारण आकड्यांशिवाय ही गोष्ट पटत नाही. ४०० मिलिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरतं आहे, म्हणजे त्याची कड सेकंदाला सुमारे ३१ मीटर धावते आहे. हिऱ्याच्या टोकाची कामाची रुंदी अर्धा मिलिमीटर आहे. ऑपरेटरने हिरा चाकावरून मिनिटाला ३७५ मिलिमीटर या वेगाने नेला, तर चाकाच्या एका फेरीत हिरा पाव मिलिमीटर पुढे सरकतो. म्हणजे चाकाच्या प्रत्येक जागेवरून तो सरासरी दोनदा जातो. कण मोठ्या तुकड्यांत फुटतात, टोकं उभी राहतात, पृष्ठभाग खडबडीत आणि मोकळा राहतो. असं चाक थंड कापतं, पण फिनिश जाड देतं. आता तोच हिरा मिनिटाला ७५ मिलिमीटरने न्या. प्रत्येक जागेवरून तो दहा वेळा जातो. कणांची टोकं घासली जातात, पृष्ठभाग बंद आणि सपाट होतो. फिनिश आरशासारखं येतं, आणि जॉब जळतो. चाक तेच, चकती तीच, यंत्र तेच, कूलंट तेच. एका हँडलच्या गतीने एकाच चाकाची दोन वेगळी हत्यारं झाली. मग मला सांगा, कारखान्यात हत्यार कुणी बनवलं? चाक बनवणाऱ्याने, की ड्रेसिंग करणाऱ्याने?

हे इथेच थांबत नाही. हिराही झिजतो. त्याची रुंदी अर्ध्या मिलिमीटरवरून एक मिलिमीटर झाली की सेटिंगला कुणी हात न लावता चाकाच्या प्रत्येक जागेवरून जाण्याची संख्या दुप्पट होते. सहा महिन्यांपूर्वी जळत नसलेला जॉब आज का जळतो, यावर बैठका होतात. चाकाच्या पुरवठादाराला पत्र जातं, उष्णोपचार करणाऱ्याला बोल लागतो, आणि हिरा फिरवून बसवायचं किंवा बदलायचं कुणाला सुचत नाही. चाकही झिजून लहान होतं. ४०० चं ३०० झालं आणि फेऱ्या तेवढ्याच राहिल्या, तर कडेचा वेग ३१ वरून सुमारे २४ मीटरवर येतो. प्रत्येक कणाला जाड कीस घ्यावा लागतो, कण लवकर सुटतात, आणि चाक मऊ असल्यासारखं वागतं. तीच सेटिंग ठेवली म्हणजे तेच काम मिळेल, हा विश्वास म्हणूनच धोक्याचा आहे.

एक उपकथा सांगतो. हिरा चाकावरून एका बाजूने दुसरीकडे जातो तेव्हा चाकावर अतिशय बारीक आट्यांसारखी सर्पिल खूण उमटते. ती खूण जॉबवर उतरू शकते. ऑइल सील जिथे बसतं त्या शाफ्टवर अशी खूण राहिली तर शाफ्ट फिरताना ती स्क्रूसारखी तेल बाहेर ढकलते. रफनेस तपासला तर बरोबर, व्यास तपासला तर बरोबर, सील नवं, आणि तरी तेल गळतं. म्हणूनच सीलच्या जागी आट्यांची खूण नसावी अशी अट घालतात, आणि तिथे चाक सरळ आत नेऊन प्लंज ग्राइंडिंग करतात. चाकाचा पृष्ठभाग जॉबवर किती तंतोतंत छापला जातो, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

आता आक्षेप. पहिला आक्षेप असा, की उष्णतेचीच भीती असेल तर कूलंट वाढवा. चाकाची एवढी चिंता कशाला? कूलंट हवंच, यात वाद नाही. पण चाक आणि जॉब यांचा संपर्क दोन-तीन मिलिमीटरचा, आणि चाकाचा कण तो सेकंदाच्या दहा हजाराव्या भागात पार करतो. तिथे कूलंट पोचतं कसं? बहुतांशी चाकाच्या स्वतःच्या पोकळ्यांमधून. पृष्ठभाग बंद असेल तर पाणी नेणारी वाटच बंद. शिवाय संपर्काच्या जागी तापमान साधारण १२० ते १३० अंशांपुढे गेलं की पाणीमिश्रित कूलंटची वाफ होऊन तिचा पापुद्रा तयार होतो, आणि थंड करण्याची ताकद एकदम कोसळते. तेल हे साधारण ३०० अंशांपर्यंत निभावतं. बोथट चाकाची उष्णता कूलंटने सावरेल, ही आशा नेमकी गरजेच्या वेळी फसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. आता सीबीएन आलं, सीएनसी आलं, मग हे सगळं जुनं झालं नाही का? सीबीएन, म्हणजे क्युबिक बोरॉन नायट्राइड, १९५७ साली जनरल इलेक्ट्रिकमध्ये रॉबर्ट वेंटॉर्फ यांनी बनवलं. ते ॲल्युमिनापेक्षा दुपटीहून कठीण आहे, आणि उष्णता इतकी चांगली वाहून नेतं की जॉबमध्ये जाणारा वाटा २० टक्क्यांच्या आसपास येऊ शकतो. हे मोठं यश आहे आणि मी ते मनापासून मानतो. पण सीबीएनचं बाँड केलेलं चाक हिऱ्याच्या रोलरने गोल केलं की बाँड कणांच्या उंचीलाच येऊन बसू शकतो. अशा चाकावर मग कांडीने बाँड खरवडून कणांना डोकं वर काढू द्यावं लागतं. ते न करता महागडं सीबीएन चाक लावलं तर तेही जाळतं. इलेक्ट्रोप्लेटेड सीबीएन चाकाचं सहसा ड्रेसिंग होत नाही, हे खरं. त्याचा पृष्ठभाग प्लेटिंगच्या दिवशी ठरतो आणि मग आयुष्यभर बदलत जातो: सुरुवातीला फिनिश जाड, नंतर बारीक, आणि बल वाढतं. म्हणजे प्रश्न गेला नाही, जागा बदलून बसला. टर्बाइनच्या निकेल पात्यांसाठी ग्राइंडिंग चालू असतानाच रोलरने सतत ड्रेसिंग करण्याची पद्धत आली. जपानमध्ये हितोशी ओमोरी यांनी धातूच्या बाँडचं चाक कामात असतानाच विजेने खरवडत ठेवण्याची ईलिड पद्धत विकसित केली आणि सिलिकॉनवर आरशासारखं काम करून दाखवलं. या पुढारलेल्या पद्धतींनी काय साधलं? त्यांनी चाकाचा पृष्ठभागच सतत हवा तसा राखला. ज्यांच्याकडे सर्वांत महागडी यंत्रं आहेत त्यांनी सर्वांत जास्त लक्ष याच थराकडे दिलं. सीएनसीविषयी बोलायचं तर ते दिलेला आकडा इमानाने पाळतं. झिजलेल्या हिऱ्यासाठी चुकीचा ठरलेला आकडाही ते तितक्याच इमानाने पाळतं.

तिसरा आक्षेप पैशाचा. ड्रेसिंगने चाक खपतं, वेळ जातो. खरं आहे. अचूक कामांत चाकाचा मोठा भाग जॉबवर न झिजता ड्रेसिंगमध्येच जातो. म्हणून मी 'जास्त ड्रेसिंग करा' असं म्हणत नाही. उलट, दर जॉबनंतर सवयीने हिरा फिरवणाऱ्या कारखान्यांत निम्मं चाक वाया जात असेल, तर त्यालाही इलाज मोजण्याचाच आहे. कधी करायचं आणि कसं करायचं, दोन्ही ठरवायला आधार हवा.

आणि चौथा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो: जाणत्या कारागिराला हे कानाने कळतं, कागद कशाला? कळतं, निःसंशय. चाक बोथट झालं की आवाज बदलतो, ठिणग्यांचा झोत बदलतो, आणि तीस वर्षं यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला ते आकड्याआधी कळतं. पण तो माणूस निवृत्त झाला की त्याचा कान त्याच्याबरोबर जातो. त्याचं ज्ञान कमी मानायचं म्हणून मी लिहून ठेवा म्हणत नाही. ते ज्ञान इतकं मोलाचं आहे, की एका माणसाच्या कानात ते अडकून राहणं आपल्याला परवडणार नाही, म्हणून म्हणतो.

मग लिहायचं काय? प्रोसेस शीटवर चाकाच्या नावाखाली चार ओळी लागतात: हिऱ्याची आजची रुंदी, चाकाच्या एका फेरीत हिऱ्याचं सरकणं, ड्रेसिंगची खोली आणि दोन ड्रेसिंगमधले जॉब. पाचवी गोष्ट यंत्रावर बसवायची: स्पिंडलच्या मोटारीचा पॉवर मीटर. चाकाचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली रोज तपासणं कुणाला शक्य नाही, पण तो किती बोथट झाला हे मोटार प्रत्येक जॉबला सांगत असते. ड्रेसिंगनंतर पहिल्या जॉबला किती पॉवर लागली, दहाव्याला किती, तिसाव्याला किती, हे एकदा आलेखावर काढा. काही जॉब मुद्दाम पुढे चालवून नायटलमध्ये तपासा आणि जळण्याची सुरुवात कोणत्या आकड्याला होते तिथे त्या आलेखावर खूण करून ठेवा. त्या खुणेच्या बऱ्यापैकी खाली ड्रेसिंगची वेळ ठरवा. हिरा बदलला की आलेख पुन्हा काढा, चाकाचा व्यास पाव भागाने उतरला की पुन्हा काढा. हे काम एका पाळीत होतं, आणि ज्या ऑपरेटरच्या हाताने ड्रेसिंग होतं त्यालाच हा आलेख काढायला दिला, तर हँडल किती वेगाने फिरवायचं हे त्याला दुसऱ्या कुणी सांगावं लागणार नाही.